धुळीपलीकडच्या ताऱ्यांचं माती परीक्षण

वाशीमकरांना आधी एक गोष्ट सांगतो. तुमच्या गावाचं, म्हणजे वत्सगुल्माचं नाव भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’मध्ये पृथ्वीच्या मध्यरेखेवर घेतलंय, उज्जैनच्या सोबतीला. आजच्या मोजणीत वाशीम उज्जैनच्या एक अंशाहून जरा जास्तच पूर्वेला भरतं. ते असो. आज मोजायचंय ते वेगळं: तारे कशाचे बनलेत?

सोयाबीन पेरण्याआधी मातीचा नमुना देताना तुम्ही बांधाजवळची, विहिरीजवळची माती घेत नाही. ती अख्ख्या वावराबद्दल खरं बोलत नाही. खगोलशास्त्रज्ञांची अडचण हीच होती. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा जेमतेम एक लाख कोटीवा हिस्सा धुळीतून आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे इतकी वर्षं आपण बांधावरचीच माती तपासत होतो!

अवरक्त किरणांची तरंगलांबी मोठी, धूळ त्यांना कमी अडवते. तिथं साधारण शंभरातला एक भाग येतो. ‘अपोजी’ सर्वेक्षण याच खिडकीतून, १.५१ ते १.७० मायक्रॉनमध्ये झालं. २०११ पासून न्यू मेक्सिकोत, २०१७ पासून चिलीतही. पद्धत ऐका. ॲल्युमिनियमच्या थाळीला ताऱ्यांच्या जागी भोकं पाडायची आणि त्यात ३०० प्रकाशतंतू माणसांनी हातानं खोचायचे. पुढची थाळी, पुन्हा तेच. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीला प्रकाश शोषतं; वर्णपटातल्या त्या काळ्या रेघांवरून प्रमाण काढतात. २०२१ पर्यंत साडेसहा लाखांवर तारे झाले.

शेतातले नमुने आपण कालवून एक करतो. इथं तसं केलं तर सगळंच गेलं, कारण फरकातच गोष्ट आहे. मॅग्नेशियम प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटातून येतं, आणि असे तारे लवकर मरतात. लोह बरंचसं उशिरा येतं, श्वेत बटूंच्या स्फोटांतून. त्यामुळे लोहाच्या मानानं मॅग्नेशियम जास्त असेल तर तो तारा घाईच्या, जुन्या काळातला. असे तारे आकाशगंगेच्या आतल्या भागात जास्त सापडले; बाहेरच्या तबकडीत कमी मॅग्नेशियमवाल्यांचं राज्य आहे.

मागून प्रश्न आलाय, आपला सूर्य कुठल्या गटातला? कमी मॅग्नेशियमवाल्या.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकारानं बनलेला ‘टॅनस्पेक’ हा अवरक्त वर्णपटमापक नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर आहे. तो तीनशे तारे एकदम नाही घेत, एकेकच घेतो.