सूट (सौर दुर्बीण)

सूट ही सूर्याची अतिनील प्रकाशातील छायाचित्रे घेणारी अवकाशस्थ दुर्बीण असून ती भारताच्या आदित्य-एल१ यानावर बसविलेली आहे. तिची रचना पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राने (आयुका) भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो) व अन्य संस्थांच्या सहकार्याने केली. दुर्गेश त्रिपाठी व ए. एन. रामप्रकाश हे प्रकल्पाचे प्रमुख संशोधक आहेत.

पार्श्वभूमी

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे (दीप्तिगोलाचे) तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सियस आहे. बाह्यतम वातावरणाचे, म्हणजे किरीटाचे, मात्र दहा लाख अंशांहून अधिक आहे. उष्णतेच्या उगमापासून दूर जाताना तापमान वाढावे, हे कोडे अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही. ऊर्जा वर जाते ती दीप्तिगोल आणि किरीट यांच्यामधील वर्णगोलातून, आणि सूट पाहते ते मुख्यतः दीप्तिगोल व वर्णगोल. किरीटाचे निरीक्षण त्याच यानावरील, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधलेला व्हीईएलसी हा किरीटलेखक करतो. दोन्ही उपकरणांची गल्लत अनेकदा होते.

सूटचा तरंगलांबी-पट्टा २०० ते ४०० नॅनोमीटर आहे. यातील सुमारे ३०० नॅनोमीटरखालील किरण ओझोन वायू शोषून घेतो. जीवसृष्टीच्या दृष्टीने हे इष्टच. परंतु त्यामुळे जमिनीवरील दुर्बिणीला ते दिसत नाहीत.

रचना

यानावर प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. मोहिमेच्या आखणीत सूटसाठी सुमारे ३५ किग्रॅ वस्तुमान धरले होते. सूर्य अतिशय तेजस्वी असल्याने मोठ्या आरशाची गरज नव्हती. सुमारे १४० मिलिमीटर छिद्रव्यास पुरेसा ठरला. २८० नॅनोमीटरला एवढ्या व्यासाची सैद्धांतिक विभेदनक्षमता सुमारे ०.५ विकला येते. शोधकाचा एक चित्रबिंदू ०.७ विकलांचा असून शोधक ४०९६ × ४०९६ बिंदूंचा आहे. सूर्यबिंबाचा व्यास सुमारे १,९२० विकला, म्हणजे अंदाजे २,७५० बिंदू. त्यामुळे संपूर्ण बिंब एकाच चित्रात मावते.

खरी अडचण प्रकाश कमी असण्याची नसून जास्त असण्याची होती. म्हणून दुर्बिणीच्या तोंडाशीच उष्णतारोधक गाळणी बसविली असून ती एक टक्क्याहूनही कमी प्रकाश आत सोडते. दोन आरशांची मांडणी अक्षाबाहेरची आहे. त्यामुळे दुसरा आरसा प्रकाशाच्या वाटेत येत नाही व विखुरलेला प्रकाश कमी होतो. त्यापुढे दोन गाळणी-चक्रे आहेत. त्यांतून एकूण ११ गाळण्या वापरता येतात: ८ अरुंद व ३ रुंद पट्ट्याच्या. २०० नॅनोमीटरपासून ४०० नॅनोमीटरकडे जाताना सौरप्रकाश अनेक पटींनी वाढत असल्याने हा फरक समतोल करण्यासाठी दोन्ही चक्रांतील गाळण्यांच्या जोड्या लावल्या जातात.

अतिनील दुर्बिणीचा मोठा शत्रू म्हणजे सेंद्रिय रेणूंचा सूक्ष्म थर. आरशावर बसलेले रेणू अतिनील किरणांनी पक्के चिकटतात व प्रकाश शोषू लागतात. अवकाशात तो थर पुसायला कोणी नसते. त्यामुळे जोडणी स्वच्छ कक्षात आणि निवडक पदार्थ वापरूनच करावी लागते.

कार्य

आदित्य-एल१चे प्रक्षेपण २ सप्टेंबर २०२३ रोजी पीएसएलव्ही-सी५७ या प्रक्षेपकाने झाले. सूट २० नोव्हेंबरला सुरू करण्यात आली आणि ६ डिसेंबरला तिने पहिली वैज्ञानिक छायाचित्रे टिपली. ६ जानेवारी २०२४ रोजी यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. तेथून सूर्य ग्रहणाविना अखंड दिसतो. २२ फेब्रुवारी २०२४ रोजीची एक्स६.३ श्रेणीची सौरज्वाळा सूटने टिपली.