'कमवा आणि शिका' : अमेरिकेतील शाळांचा हिशेब

आमच्या पेढीवर तागे मोजण्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वी एक मुलगा लागला. वय पंधरा, इयत्ता नववी. वडील यंत्रमागावर कामाला, घरात खाणारी तोंडे सात. मुलगा हिशेबाला इतका पक्का की मीटर, भाव आणि वटाव यांचे गणित कागद-पेन्सिल न घेता करून दाखवी. आम्ही खूश होऊन त्याचा पगार वाढविला. पगार वाढला आणि शाळा सुटली. एका गरीब घराला आपण हातभार लावला, असे तेव्हा आम्हाला वाटले. आज तो मुलगा चाळिशीला आला आहे आणि अजूनही तागेच मोजतो आहे. त्याचा इमान पक्का आहे, हातही पक्का आहे. परंतु ज्या डोक्याने इंजिनिअर व्हायचे, ते डोके आम्ही गजकाठीला बांधून ठेवले. नुकसान त्याचे झाले, आणि व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर आमचेही झाले.

हे आठवण्याचे कारण अमेरिकेतील काही शाळा. तेथील मोठ्या शहरांच्या जुन्या मध्यवस्तीची अवस्था आपल्या मोहल्ल्यांना अनोळखी वाटू नये. कारखाने बंद पडले, सुस्थितीतील लोक उपनगरांत गेले, मागे राहिली ती मुख्यत्वे कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन वंशाची कष्टकरी कुटुंबे. हायस्कूलमधील मुलासमोर दोनच रस्ते होते: शिकायचे तर पोट उपाशी आणि कमवायचे तर शाळा बंद. या दोन रस्त्यांचा मेळ घालण्याचे तेथे जे प्रयत्न झाले, ते व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला प्रयत्न शिकागोचा. पिल्सेन या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या वस्तीत 1996 साली ख्रिस्ती जेझुइट पंथीयांनी क्रिस्तो रे नावाची शाळा काढली. फी परवडेल असे पालक तेथे नव्हते. तेव्हा त्यांनी साधा व्यवहार मांडला. एका कचेरीतील एक पूर्ण वेळेची नोकरी चार विद्यार्थ्यांत वाटून द्यायची. प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस कामावर जायचे, पाचवा दिवस आळीपाळीने घ्यायचा. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वाट्याला महिन्याचे पाचच दिवस येतात. मालक पैसे देतो ते शाळेला, आणि त्यातून शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग निघतो. वेळापत्रक असे बसविले की कामाच्या दिवशी मुलाचा एकही तास बुडत नाही. मुले बँका, रुग्णालये, वकिलांच्या कचेऱ्या अशा ठिकाणी जातात. ज्या इमारतींच्या दारापर्यंतही आई-बाप कधी गेले नव्हते, त्या इमारतींत ही मुले टेबलावर बसून काम करतात. पुढे या नमुन्याच्या शाळा अमेरिकेतील अनेक शहरांत निघाल्या.

दुसरा प्रयत्न थेट इंजिनिअरिंगचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 2011 साली पी-टेक ही सरकारी शाळा सुरू झाली. शहराचा शिक्षण विभाग, सिटी विद्यापीठाचे तंत्रज्ञान महाविद्यालय आणि आयबीएम कंपनी असे तिघे भागीदार. प्रवेश परीक्षा नाही. नववीत आत आलेला मुलगा सहा वर्षांत हायस्कूलचा दाखला आणि संगणक किंवा विद्युत-यांत्रिकी तंत्रज्ञानाची दोन वर्षांची पदवी, दोन्ही घेऊन बाहेर पडू शकतो, तेही फी न भरता. मध्ये कंपनीतील जाणकार माणूस त्याला मार्गदर्शन करतो आणि सुट्टीत पगारी उमेदवारी मिळते. पहिल्या तुकडीतील सहा विद्यार्थ्यांनी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत, 2015 साली पुरा केला. सगळ्यांच्याच हाती पदवी पडली असे नाही. बरेच जण मागे राहिले, काही सोडून गेले. परंतु नववीतल्या पोराला 'तुझे शिक्षण कोणत्या दारापर्यंत जाते' हे दाखविणारा कोणी तरी होता, ही लहान गोष्ट नव्हे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट आहे. नुसते कामावर पाठविल्याने इंजिनिअर तयार होत नाही. गणित कच्चे राहिले तर ते दार आधीच बंद होते. हे ओळखून कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या एका हायस्कूलमध्ये 1970 सालीच 'मेसा' नावाचा उपक्रम सुरू झाला होता. मागास वस्त्यांतील मुलांचा गणित-विज्ञानाचा पाया पक्का करून त्यांना इंजिनिअरिंगपर्यंत नेणे हा त्याचा हेतू. ताणा मजबूत नसेल तर बाणा कितीही चांगला घाला, कापड टिकत नाही.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र फार पूर्वी दिला. उस्ताद-शागीर्द ही रीत तर आपल्या प्रत्येक हुन्नरात आहे. फरक एवढाच की आपला शागीर्द शाळा सोडून येतो आणि त्यांचा विद्यार्थी शाळेतून येतो. सच्चर समितीने 2006 साली सांगितले होते की सहा ते चौदा वयोगटातील पंचवीस टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. त्यांतली किती आपल्या दुकानांत, कारखान्यांत आली, याचा जाब आपण आपल्यालाच विचारला पाहिजे.

मग आपण काय करावे? कायदा स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालील मूल कामावर नको आणि अठराच्या आतील मुलाला धोक्याच्या कामाला लावता येत नाही. तेव्हा मागावर किंवा रंगाच्या हौदावर त्याला उभे करू नका. दहावी-अकरावीच्या मुलाला आठवड्यातून एक दिवस, सुट्टीचा, बोलवा. त्याला तागे उचलायला लावू नका. सुताचा नंबर कसा काढतात, कापडाचे वजन कसे बसते, नव्या मागाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड कसे चालते हे दाखवा. मोबदला द्या, पण तो शाळेच्या किंवा शिकवणीच्या फीत जाईल अशी सोय करा. दहावीनंतर डिप्लोमा आहे. मुंबईची व्हीजेटीआय, इचलकरंजीची डीकेटीई या संस्थांत वस्त्रोद्योगाचे शिक्षण मिळते, हे त्याच्या वडिलांना घरी जाऊन सांगा. मोठ्या मुलासाठी 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्याखाली रीतसर नोंद करा.

चार व्यापारी मिळून एका मुलाची जबाबदारी घेऊ शकतात. शिकागोत एक नोकरी चार मुलांनी वाटून घेतली, येथे एक मूल चौघांनी वाटून घ्यावे. आमच्या पेढीवर अलीकडे पुन्हा एक नववीचा मुलगा काम मागायला आला होता. हिशेबाला तोही पक्का आहे. त्याला आम्ही रविवारी यायला सांगितले आहे, येताना गणिताचे पुस्तक घेऊन.