पंगतीमागचे वाढपी

निकालाच्या दिवशी पान उघडले नाही की आपण 'सर्व्हर'च्या नावाने बोटे मोडतो. पण हा सर्व्हर असतो तरी कोण? त्याला घडवले कुणी? आणि ऐन गर्दीच्या वेळी त्याचे बिनसते कुठे?

निकालाचा दिवस. दुपारचा एक वाजायला दोन मिनिटे कमी आहेत. कुकर कधीच उतरला आहे, पण जेवणात कुणाचेच लक्ष नाही. मुलगी हॉल तिकीट हातात धरून बसली आहे. आई मधूनच देवघराकडे पाहते आहे. वडील दर मिनिटाला "अजून वेळ आहे" असे स्वतःलाच बजावत आहेत आणि आत्याचा तिसरा फोन येऊन गेला आहे, "लागला का गं?" एक वाजतो. बैठक क्रमांक टाकला जातो, आईचे नाव टाकले जाते, बटण दाबले जाते आणि पडद्यावर येते ते एक पांढरे फटक पान. त्यात एक चक्र गरगरत राहते. मग कुणीतरी जाणतेपणाने सांगते, "सर्व्हर डाऊन आहे."

हे वाक्य आता आपल्या घरोघरी इतके रुळले आहे की वीज गेली किंवा नळाला पाणी आले नाही यासारखेच ते आपण स्वीकारतो. पण गंमत अशी की, अशा वेळी सर्व्हर बहुधा बंद पडलेला नसतोच. तो कामात बुडालेला असतो, किंवा त्याला कामाची वाटणी नीट करून दिलेली नसते. ही वाटणी करून देणे म्हणजेच सर्व्हर उभारणे आणि त्याची मांडणी करणे. या कामाची गोष्ट सांगण्याजोगी आहे.

वाढपी, आचारी आणि कोठीघर

वेब सर्व्हर हे काही गूढ यंत्र नव्हे. तो मुळात एक प्रोग्रॅम. कुठल्याशा संगणकावर रात्रंदिवस कान टवकारून बसलेला. आपण पत्ता टाइप केला की त्याच्याकडे मागणी जाते, 'अमुक पान द्या.' ते पान तयार असेल तर तो लगेच पाठवतो, नसेल तर आतल्या अॅप्लिकेशनकडून करवून घेतो. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. अॅप्लिकेशन म्हणजे आतला आचारी, माहितीचा साठा म्हणजे कोठीघर आणि सर्व्हर म्हणजे वाढपी. पाहुण्यांना तोंड दिसते ते फक्त वाढप्याचे. म्हणूनच भात कच्चा राहिला तरी बोलणी त्यालाच खावी लागतात.

जगातला पहिला असा वाढपी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभा केला. नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर तो चालत असे. कुणी चुकून बटण बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. सगळे वेब तेव्हा त्या एका चिठ्ठीच्या भरवशावर होते! पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न'ने हे सगळे सॉफ्टवेअर जगासाठी खुले करून टाकले. कुणीही घ्यावे, वापरावे, बदलावे.

ठिगळांची गोधडी

त्या सुमारास सर्वांत लोकप्रिय सर्व्हर होता तो अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या 'एनसीएसए' या केंद्रात रॉब मॅक्कूल यांनी लिहिलेला. १९९४ च्या मध्यावर मॅक्कूल तिथून बाहेर पडले आणि काम थंडावले. पण वापरणारे थांबतात थोडेच? कुणाला एखादा दोष सापडे, तो आपल्यापुरती दुरुस्ती करी. कुणाला एखादी सोय हवी असे, तो ती जोडून घेई. एकाच सदऱ्याला प्रत्येक जण आपापल्या घरी ठिगळ लावत होता, आणि शेजाऱ्याने तेच ठिगळ आधी लावले आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

फेब्रुवारी १९९५ मध्ये अशा आठ जणांनी आपापली ठिगळे एकत्र आणायचे ठरवले. ब्रायन बेहलनडॉर्फ, रॉय फील्डिंग, रॉबर्ट थाऊ ही त्यांपैकी काही नावे. पत्रव्यवहार ई-मेलवर, काम आपापल्या नोकऱ्या सांभाळून. एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली आणि १ डिसेंबर १९९५ रोजी 'अपाची १.०'. ठिगळाला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात. तेव्हा ठिगळे लावलेला म्हणून 'अ पॅची' अशी नावावरची कोटी लगेच रूढ झाली. बेहलनडॉर्फ यांनी मात्र अमेरिकेतल्या अपाची या मूलनिवासी जमातीविषयीच्या आदरातून हे नाव सुचल्याचे सांगितले आहे.

आपल्याकडे आजीची गोधडी असते ना, तसेच हे. प्रत्येक तुकडा वेगळ्या लुगड्याचा, पण शिवण इतकी पक्की की तीन पिढ्या पांघरतात. १९९६ च्या एप्रिलपर्यंत या गोधडीने मूळ सर्व्हरलाही मागे टाकले. १९९८ मध्ये आयबीएमसारखी बलाढ्य कंपनी स्वतःचा सर्व्हर बाजूला ठेवून अपाचीच्या कामात सामील झाली. १९९९ मध्ये या मंडळींनी 'अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही ना-नफा संस्था स्थापन केली. परवाना साधा : फुकट घ्या, बदला, हवे तर धंद्यात वापरा, फक्त मूळ कर्त्यांची नोंद पुसू नका.

एका पानामागे एक वाढपी

आता आपल्या निकालाकडे वळू. अपाचीची जुनी रीत अशी की, पाहुणे यायच्या आधीच काही वाढपी तयार ठेवायचे आणि प्रत्येक पाहुण्यामागे एक जण उभा करायचा. रीत भक्कम. एक वाढपी घसरून पडला तरी शेजारच्या पानाला धक्का लागत नाही. पण पाहुण्याचे वाढून झाले तरी 'आणखी काही हवे का?' म्हणून हा काही सेकंद तिथेच उभा. घरगुती पंगतीत हे शोभून दिसते. दारात दहा हजारांची रांग असेल तर?

आपल्याला वाटते, वाढपी वाढवा! हिशेब करून पाहू. समजा संगणकाची स्मृती चार हजार मेगाबाइट आहे आणि एकेक वाढपी पन्नास मेगाबाइट जागा अडवतो. म्हणजे जेमतेम ऐंशी मावतात. हौसेने मांडणीत पाचशेचा आकडा लिहिला, तर जागा संपल्यावर संगणक स्मृतीतले सामान उचलून डिस्कवर नेऊ लागतो. डिस्क स्मृतीपेक्षा कितीतरी मंद. मग वाढपी एकमेकांच्या पायांत येतात आणि पाचशेही नाही, ऐंशीही नाही, पाच पानेसुद्धा धड वाढली जात नाहीत. अशा वेळी आकडा कमी केल्यावर काम वेगाने होते. नव्याने सर्व्हर सांभाळणाऱ्याला हा धडा बहुधा पहिल्या मोठ्या गर्दीतच मिळतो.

आणि यात आपलाही हात असतो बरे का! पान उघडले नाही की आपण पुन्हा बटण दाबतो, पुन्हा दाबतो. प्रत्येक दाबणे म्हणजे नवी मागणी. जुनीवर आत आचारी अजून राबतच असतो. घरात तीन फोन असतील तर एकाच मुलीच्या निकालासाठी पंधरा पाने मागवली जातात.

एकाच वेळी दहा हजार पाहुणे एका संगणकाने कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगेल या अमेरिकन अभियंत्याने १९९९ मध्ये जाहीरपणे मांडला. त्याचे एक सुरेख उत्तर रशियातून आले. रॅम्ब्लर या कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएव यांनी २००२ मध्ये एक नवा सर्व्हर लिहायला घेतला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तो जगाला खुला केला. त्याचे नाव 'एंजिन-एक्स'. त्याची रीत आपल्या पंगतीची. मोजकेच वाढपी, पण तरबेज. एकाच्या पानात भात पडला की पुढच्याकडे वरण, तोवर कुणी हात वर केला तर तिकडे. कुणापाशी रेंगाळणे नाही. अपाचीही मागे राहिला नाही. २०१२ च्या २.४ या आवृत्तीत, निवांत बसलेल्या पाहुण्यामागे वाढपी अडकून राहू नये अशी सोय त्यानेही पक्की केली. आज हे दोन्ही सर्व्हर जगभर राबतात, पुष्कळदा एकाच पंगतीत.

चार ओळींचा खेळ

सर्व्हर मिळवणे आता दहा मिनिटांचे काम. खरी कसोटी आहे ती त्याला समजावून सांगण्याची. हे सांगायचे असते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ओळी-ओळींनी.

पहिली गोष्ट नावाची. एका संगणकावर अनेक संकेतस्थळे राहू शकतात. मंगल कार्यालयात वर एक लग्न आणि खाली दुसरे असते, तसे. दारात पाहुणा नाव सांगतो, त्यावरून त्याला पाठवायचे. नाव जुळले नाही तर अपाची त्याला यादीतल्या पहिल्याच लग्नाला बसवतो. नाव लिहिताना एक अक्षर चुकले की आपले पाहुणे दुसऱ्याच्या मांडवात जेवताना दिसतात!

दुसरी गोष्ट दारांची. पाहुण्यांसाठी दोनच दारे, ८० क्रमांकाचे साधे आणि ४४३ क्रमांकाचे कुलूपबंद. आचारी ८०८० सारख्या आतल्या दारामागे असतो आणि त्याच्याशी फक्त वाढप्याने बोलायचे. हे दार बाहेरून बंद ठेवायला विसरले की काय होते, ते जानेवारी २०१७ मध्ये दिसले. 'मोंगोडीबी' या कोठीघराची दारे हजारो ठिकाणी सताड उघडी होती, परवलीचा शब्दही नाही. चोरट्यांनी माहिती पुसली आणि परत हवी असेल तर पैसे द्या, अशी चिठ्ठी ठेवली. कुलूप फोडावे लागलेच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मराठीची. पाठवलेला मजकूर कोणत्या लिपिसंकेतात आहे, हे सर्व्हर ब्राउझरला सांगतो. एके काळी पुष्कळ ठिकाणी त्या ओळीत पश्चिम युरोपीय भाषांचा संकेत आयताच लिहिलेला असे. परिणाम? पान तयार करणाऱ्याने शुद्ध देवनागरीत लिहिलेले वाचकाला दिसे ते à आणि ¤ अशा चिन्हांचे रान. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह 'यूटीएफ-८' या संकेतात तीन बाइट घेते आणि त्या तिन्हींची तीन परकी अक्षरे होत. लोक फॉन्टला दोष देत, संगणक बदलत. दुरुस्ती असे एका ओळीची : संकेत 'यूटीएफ-८' असा लिहा.

चौथी गोष्ट शिस्तीची. बदल केला की आधी तपासणीची आज्ञा द्यायची, मगच तो लागू करायचा. एंजिन-एक्सच्या फाइलीत एक अर्धविराम राहिला तरी तपासणीत तो अडतो. सगळे ठीक असेल तर नवे वाढपी कामाला लागतात आणि जुने हातातले पान पुरे वाढूनच बाजूला होतात. पाहुण्याला कळतही नाही.

फुकटाची किंमत

हे सारे फुकट मिळते. पण फुकट मिळालेली गाय दारात बांधली, तरी तिला चारा-पाणी रोज करावे लागते. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या कुलूप पुरवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मोठा दोष उघड झाला. 'हार्टब्लीड' असे त्याचे नाव पडले. अपाची असो की एंजिन-एक्स, दोघांचीही दारे बहुतेक ठिकाणी याच कुलपाने बंद होत. दोन वर्षे तो दोष तसाच होता. जगातल्या बँका आणि दुकाने ज्यावर विसंबली होती, त्या कामाला पूर्णवेळ वाहिलेला माणूस जेमतेम एक होता, हे तेव्हा जगाला कळले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा कामासाठी निधी उभा केला.

चांगुलपणाची उदाहरणेही आहेत. कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र पूर्वी बहुधा पैसे मोजून विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' या उपक्रमाने ते सर्वांना विनामूल्य द्यायला सुरुवात केली. मुदत मात्र मुद्दाम छोटी ठेवली, ९० दिवसांची, म्हणजे नूतनीकरण यंत्रानेच आपोआप करावे. ही आपोआपची सोय करायला जो विसरतो, त्याच्या पाहुण्यांना एके दिवशी दारातच धोक्याची पाटी दिसते.

मग निकालाच्या दिवसावर उपाय काय? उपाय जुनेच आहेत. निकाल आदल्या दिवशी तयार असतो, तर ताटे आधीच वाढून ठेवावीत. प्रत्येक मागणीसाठी आचाऱ्याला कोठीघरात धाडू नये. खोटी गर्दी करून रंगीत तालीम घ्यावी. वाढप्यांचा आकडा जागेच्या हिशेबाने ठरवावा. आणि या सगळ्यासाठी एक जाणता माणूस आधीपासून नेमावा, नुसते यंत्र विकत घेऊन मोकळे होऊ नये.

एक वाजून बावीस मिनिटांनी पान उघडते. मुलगी ओरडते, आई डोळे पुसते, आत्याला फोन जातो, आणि कुकर पुन्हा आठवतो. त्याच क्षणी दूर कुठेतरी सर्व्हरच्या नोंदवहीत एक ओळ पडते. वेळ, मागितलेले पान आणि पुढे २०० हा आकडा. सर्व्हरच्या भाषेत २०० म्हणजे 'मागितले ते पोचते झाले'. सकाळपासून जेवणाचा डबाही न उघडलेला कुणी तरुण पडद्यावर सरकणाऱ्या त्या ओळींकडे पाहत असतो. कुणाचा निकाल काय लागला, हे त्याला ठाऊक नसते. दोनशे, दोनशे, दोनशे अशी रांग दिसू लागली की तो खुर्चीत मागे टेकतो आणि डब्याचे झाकण उघडतो.