कपहोल्डरमधला पाक

‘गाडी आपली, हात आपले’ : लेखांक ९

मागच्या आठवड्यात पायाखालच्या मॅट झाल्या. आज जी जागा घेतोय ती वीतभरही नाही. दोन सीटांच्या मधला कपहोल्डर. हात तिथे दिवसातून दहादा जातो, तरी धुलाईवाल्याच्या यादीत ती जागा नसते. सीट झटकल्या जातात, डॅशबोर्डला पॉलिश लागतं, काचा लखलखतात. कपहोल्डरवरून मात्र एक ओलं फडकं ओझरतं फिरतं आणि आतल्या थराला आणखी थोडं पाणी पाजून जातं. वाकून पाहिलंत तर तळाला काळपट तपकिरी थर दिसेल. त्यात रुतलेलं दोन रुपयांचं नाणं, बडीशेपेचे चार दाणे, पार्किंगच्या पावतीचा कोपरा. नाणं ओढलं तर आधी हलत नाही, मग एकदम सुटतं आणि तळावर त्याचा गोल ठसा राहतो, आकडा उलटा वाचता येईल इतका स्पष्ट. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून टोलसाठी सुटे ठेवायचं कारण उरलेलं नाही. कपहोल्डरमधली बरीचशी नाणी त्याच्या आधीची असावीत.

आपल्याकडे ही जागा इतकी का चिकटते, याचं अर्धं उत्तर तिच्या मापात आहे. कपहोल्डर ही मुळात अमेरिकेची सोय. तिथे ड्राइव्ह-इन हॉटेलांच्या काळात लोक ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडून त्यावर कप ठेवत. गाडीच्या बांधणीतच कपाला जागा देण्याची रीत रुळवली ती क्रायस्लर कंपनीच्या मिनीव्हॅननी, १९८४च्या मॉडेलपासून. ही सोय चैनीची वाटते, पण १९९२ साली न्यू मेक्सिकोतल्या ॲल्बकर्की गावी स्टेला लीबेक या ७९ वर्षांच्या बाई नातवाच्या ज्या गाडीत बसल्या होत्या, त्या गाडीत ती नव्हती. गाडी उभी होती. कॉफीचा कप गुडघ्यांत धरून त्या झाकण काढायला गेल्या, कॉफी सांडली आणि त्या गंभीर भाजल्या. त्यांनी कॉफी विकणाऱ्या कंपनीवर भरलेला खटला जगभर गाजला.

तर, कपहोल्डरचं माप आहे पेयाच्या डब्याचं आणि मोठ्या कपाचं. नेहमीच्या डब्याचा व्यास ६६ मिलिमीटर असतो, तो तिथे नीट बसतो. आपण तिथे काय ठेवतो? फूड मॉलवरून घेतलेला चहाचा कागदी कप. त्याचा तळ जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटरचा. तो त्या विहिरीत उभा राहतच नाही, तिरका टेकतो, आणि पहिल्याच गतिरोधकाला चहा बाहेर. रसवंतीवरून पार्सल घेतलेल्या उसाच्या रसाची तीच गत. त्याच्या पिशवीला तर तळच नसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कपहोल्डर चिकट होण्यात चालकाचा दोष थोडा आणि मापाचा जास्त. चहा न्यायचाच असेल तर कपाभोवती रुमालाची घडी कोंबावी, कप सरळ उभा राहतो.

आता सांडल्यावर तिथे होतं काय ते पाहू, कारण ते कळलं की सफाईची निम्मी खटपट वाचते. बाटलीबंद कोलामध्ये दर १०० मिलिलिटरला साधारण १०-११ ग्रॅम साखर असते, उसाच्या रसात त्याहून जास्तच. पाणी उडून जातं, साखर मागे राहते. एवढंच झालं असतं तर खडीसाखरेसारखे कोरडे खडे जमले असते आणि ते ब्रशने झटकून टाकता आले असते. तसं होत नाही. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबाचे दोन थेंब टाकतो ते पाक पुन्हा साखरू नये म्हणून. आंबटामुळे थोडी साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन भाग होतात आणि दाणा धरत नाही. कोलात तेच काम फॉस्फोरिक आम्ल करतं, बाटलीत असतानाच. तेव्हा कपहोल्डरच्या तळाला उरतो तो न साखरणारा पाक.

या पाकाचा स्वभाव हवेवर ठरतो. साधी साखर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय पाणी ओढत नाही. फ्रुक्टोज मात्र आर्द्रता ६० टक्क्यांच्या थोडी वर गेली की ओढायला लागतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये हा थर कडक, काचेसारखा होतो, बोटाला लागतही नाही, आणि मालकाला वाटतं गेला एकदाचा. तीच गाडी जूनअखेर मुंबईला आणली तर दोन दिवसांत तळ पुन्हा ओला. नवीन काही सांडलेलं नसतं. मग मुंग्या येतात, त्यांच्यापाठोपाठ बुरशीचा वास. चहा सांडलेला असेल तर वास लवकर येतो, कारण त्यात दूधही असतं.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पाण्यात विरघळण्यात साखरेचा हात धरणारे पदार्थ थोडेच. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, गरम पाण्यात त्याहून कितीतरी जास्त. समजा २० मिलिलिटर कोला सांडला होता. त्यात साखर झाली २ ग्रॅम, आणि ती विरघळवायला हिशेबाने १ मिलिलिटर पाणी पुरे. म्हणजे पाणी कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. आपण ओलं फडकं घासतो आणि अर्ध्या मिनिटात काढून घेतो. वरचा पापुद्रा निघतो, खालचा तसाच राहतो. जोर आणि रसायनं बाजूला ठेवा. गरम पाण्याला थराशी पंधरा मिनिटं बसू द्या.

सुरुवात कोरडी करायची. नाणी, कागद, दाणे काढा. धूळ व्हॅक्यूमने किंवा कोरड्या रंगाच्या ब्रशने उचला, नाहीतर पुढे पाणी लागताच तिचा चिखल होतो. मग कपहोल्डरचा आतला भाग सुटा आहे का ते बघा. पुष्कळ गाड्यांत आत रबराची किंवा सिलिकॉनची वाटी असते, निदान तळाला गोल चकती तरी असते. काठावर बोट दाबून वर ओढलं की ती सुटायला हवी. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत याचं चित्र असतं. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेली असते, आज उघडा. वाटी येत नसेल तर ती पाकानेच धरून ठेवलेली असते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं आत दाबून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा ओढा. तरी अडली तर जुनं एटीएम कार्ड काठाने सरकवा. स्क्रू ड्रायव्हर नको. त्याचा ओरखडा चकचकीत काळ्या पट्टीवर उमटला की तो गाडी विकेपर्यंत दिसत राहतो.

वाटी निघाली की काम संपल्यातच जमा. हाताला सोसेल इतकं गरम पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, वीस मिनिटं भिजत. उकळतं पाणी नको, रबर वाकडं होतं आणि मग जागेवर बसत नाही. टूथब्रशने खाचा घासा, साध्या पाण्याने खळबळून सावलीत वाळवा.

न निघणाऱ्या कपहोल्डरला जास्त वेळ द्यावा लागतो. इथे जुना सुती मोजा आणि स्टीलचा पेला हे जोडीने वापरायचे. मोजा गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, पेल्यावर चढवायचा आणि पेला कपहोल्डरमध्ये बसवायचा. पेल्यात गरम पाणी अर्ध्यापर्यंत भरलं तर मोजा लवकर निवत नाही. गाडी अर्थात उभी हवी. पंधरा मिनिटांनी पेला जागच्या जागी डावीउजवीकडे फिरवा. बाहेर काढाल तेव्हा मोजा तपकिरी झालेला असतो आणि पिळला की त्यातून चक्क सरबत निघतं. मोजा धुऊन पुन्हा तेच. थर जाड असेल तर तिसऱ्यांदा. चहा सांडलेला असेल तर शेवटच्या खेपेला पाण्यात साबणाचा थेंब टाका, कारण दुधाचा स्निग्धांश नुसत्या पाण्याला दाद देत नाही. चहाचा डाग राहिलाच तर खाण्याचा सोडा ओला करून बोटाने हलका चोळा, पण चकचकीत पट्टीला तो लागू देऊ नका.

कपाला बाजूने धरून ठेवणाऱ्या ज्या छोट्या जिभा असतात, त्या बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. त्या स्प्रिंगवर आतबाहेर होतात, आणि पाक त्यांच्या बिजागरीत शिरला की आत गेलेली जीभ बाहेर येत नाही. मग कप आणखी हलतो, आणखी सांडतो. टूथब्रश गरम पाण्यात बुडवून झटका आणि बिजागरीवर फिरवत जीभ दाबा-सोडा, दाबा-सोडा. आधी कुरकुरते, मग मोकळी होते. तिला तेल देऊ नका, तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसायचं. राहिलेला साबण वाळल्यावर स्वतःच चिकटतो.

एवढं करूनही बोट चिकटत असेल तर मामला साखरेचा नाही. वाळल्यावर चिकटपणा जसाच्या तसा आहे आणि फडकं काळं होतंय, असं असेल तर रबर किंवा प्लास्टिकवरचा मऊ लेपच विरघळतोय. काही गाड्यांत हाताला मखमली लागावं म्हणून पॉलियुरेथेनचा पातळ थर देतात. उष्णता आणि दमट हवेत काही वर्षांनी तो फुटतो आणि डिंकासारखा होतो. रत्नागिरी-मालवणकडच्या जुन्या गाड्यांत, आणि तशा हवेत ठेवलेल्या दुर्बिणी-कॅमेऱ्यांवरही, हा प्रकार दिसतो. यावर पाणी चालत नाही. फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, आधी लपलेल्या कोपऱ्यात करून पाहून, तो लेप पूर्ण उतरवायचा आणि खालच्या साध्या प्लास्टिकवर समाधान मानायचं. रबराची वाटीच चिघळली असेल तर नवी घ्या, डागडुजीत वेळ घालवू नका.

चिकटपणाचा तिसरा धनी २०२० पासून आपल्यात आहे: सॅनिटायझरची बाटली. कोरोना ओसरला, बाटली कपहोल्डरमध्येच राहिली. उन्हाने फुगून झाकणातून झिरपते, स्पिरिट उडून जातं आणि त्यातलं ग्लिसरीन व जेल मागे राहतं. हेही गरम पाण्याने निघतं. आधी बाटली तिथून हलवा.

काय वापरू नये, तेही सांगायला हवं, कारण गॅरेजमधला मुलगा सगळ्यात आधी त्याच डब्याकडे हात नेतो. पेट्रोल, रॉकेल आणि थिनर साखरेला विरघळवत नाहीत. ती ज्या प्लास्टिकवर बसली आहे त्यावर मात्र हल्ला करतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर एबीएस प्लास्टिक मऊ पडून पांढुरकं होतं, ते पुन्हा काळं होत नाही. बंद गाडीत पेट्रोलच्या वाफा म्हणजे तर आगीला आमंत्रण. डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिशही इथे नको. दिसायला छान दिसतं, पण तळ निसरडा होतो आणि कप घसरायला लागतो.

आणि पाणी ओतू नका. आतापर्यंत फडकं, मोजा पिळून घ्या म्हटलं ते उगाच नाही. कपहोल्डरच्या खाली रिकामी जागा नसते. तिथून गिअरच्या आणि चार्जिंग सॉकेटच्या वायर जातात, आणि अनेक गाड्यांत एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबाही याच मधल्या कन्सोलखाली बसवलेला असतो. कप आडवा होऊन पेय गिअरच्या फटीत गेलं असेल तर गाडी बंद करा, कोरड्या कापडाने जेवढं टिपता येईल तेवढं टिपा आणि सरळ वर्कशॉपला फोन करा. कन्सोल घरी उघडायचं काम नाही. बॅटरीची जोडणी न सोडता तिथे हात घालणं एअरबॅगच्या दृष्टीने धोक्याचं आहे.

हे काम सकाळी करा, म्हणजे गाडीची दारं उघडी ठेवून दुपारपर्यंत आतला भाग खडखडीत वाळेल. ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी परत धरते. पुढच्या लेखांकात सीटबेल्टचा काळा पडलेला, आत जायला कुरकुरणारा पट्टा घेऊ. त्यासाठी बादली, मऊ ब्रश आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे तयार ठेवा.