विहिरीचं लाल पाणी आणि बॉयलरची राख

गोदाकाठच्या एका वस्तीवर आम्ही गेलो, तर विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं लाल. म्हातारबाबा म्हणाले, "साहेब, बॉयलरची राख टाकून बघू का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टनभर उसामागे २८० ते ३०० किलो ओलं चिपाड निघतं. ते बॉयलरमध्ये पुरतं जळत नाही. राखेत सच्छिद्र कोळसा उरतो आणि सांडपाण्यातला रंग त्याला चिकटतो. रुरकीच्या संशोधकांनी हे प्रयोगांत दाखवलंय.

पण राख विहिरीत टाकायची नाही! तिच्यातले क्षार पाण्यातच उतरतील. विरघळलेले क्षार, नायट्रेट कोळशानं फारसे हटत नाहीत. रंग गेला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं, असं नव्हे. बाबांच्या विहिरीचं बाटलीभर पाणी आम्ही तपासायला दिलंय.