जेरी (संगणक)

जेरी हा जुन्या संगणकांचे सुटे भाग वीस लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये बसवून तयार केलेला अल्पखर्ची संगणक होय. पॅरिसमधील औद्योगिक अभिकल्पाच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी २०११ च्या सुमारास ही कल्पना मांडली. पुढे कोत दिव्वार, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंचभाषक देशांत ती रुजली. पाणी व इंधन वाहून नेण्याच्या 'जेरीकॅन'वरून हे नाव पडले.

रचना

टाकून दिलेल्या संगणकांतील मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क व वीजपुरवठा देणारी पेटी (एसएमपीएस) हे भाग काढून एकेक तपासले जातात. कॅन कापून त्याला उघडझाप करता येईल असे दार केले जाते, भाग आत घट्ट बसवले जातात आणि उष्णता बाहेर जाण्यासाठी छिद्रे पाडली जातात. एसएमपीएस मात्र उघडायचा नसतो; वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युत्भार राहू शकतो. मॉनिटर, कळफलक व माउस बाहेरून जोडतात.

कॅन स्वस्त, हलका व सर्वत्र मिळणारा असून साध्या हत्यारांनी कापता येतो. त्यामुळे तयार कॅबिनेटची गरज उरत नाही.

सॉफ्टवेअर

जुन्या भागांची क्षमता मर्यादित असल्याने हलकी लिनक्स प्रणाली वापरली जाते. पुनर्वापरातील संगणकांसाठी फ्रान्समध्ये विकसित झालेली 'एमाबुंटूस' ही त्यांपैकी एक. परवाना शुल्क नसल्याने खर्च वाढत नाही. 'किविक्स'च्या साहाय्याने विकिपीडियाची प्रत साठवल्यास इंटरनेट नसलेल्या शाळेतही ती वाचता येते.

शैक्षणिक महत्त्व

जेरीची जुळणी गटाने केली जाते. 'डू इट टुगेदर' (एकत्र मिळून करा) हे शब्द उपक्रमाच्या नावातच आहेत. देणगीत मिळालेला तयार संगणक बिघडला आणि जवळपास दुरुस्तीची सोय नसली, तर तो तसाच पडून राहतो. जुळणी केलेल्या विद्यार्थ्याला कोणता भाग कोठे आहे व तो कसा बदलावा, हे ठाऊक असते. म्हणून येथे यंत्राइतकेच हे ज्ञानही शाळेची मिळकत ठरते.

मर्यादा

जुने भाग अधिक वीज वापरतात आणि त्यांचे उर्वरित आयुष्य अनिश्चित असते. वेगवेगळ्या काळातील रॅम व मदरबोर्ड परस्परांशी जुळतातच असे नाही. शिवाय 'वापरलेली उपकरणे' या नावाखाली निकामी माल गरीब देशांत पाठवला जाण्याचा धोका असतो. घातक कचऱ्याच्या अशा वाहतुकीवर १९८९ मध्ये स्वीकारलेल्या व १९९२ पासून अमलात आलेल्या बाझल कराराने निर्बंध घातले आहेत. मिळालेला भाग चालतो की नाही हे आरंभीच तपासले नाही, तर ई-कचऱ्याचा भार शेवटी शाळेवरच पडतो.