प्रदर्शनाला जाताय? शेजारच्या स्टॉलवरही जाऊन बसा



मुंबईत भरणारं महालक्ष्मी सरस आपल्याला ऐकून माहीत आहेच. ‘उमेद’ अभियानाच्या या प्रदर्शनात आपल्या राज्यातल्या जिल्ह्यांतून आणि बाहेरच्या राज्यांतूनही बचत गट माल घेऊन येतात. आपल्या प्रभागसंघातल्या दोन ताई गोधड्या घेऊन सलग दोन वर्षं गेल्या, सोबत मी होते. तिथे विक्री कशी झाली ते बैठकीत सांगून झालंय. आज सांगायचंय ते वेगळं आहे.

पहिल्या वर्षी आमच्या रांगेत गोधडीचे आणखी दोन स्टॉल होते. एक मराठवाड्यातला, एक कोल्हापूरकडचा. त्या आपल्या गोधडीला वाकळ म्हणतात. पहिले तीन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललोसुद्धा नाही. गिऱ्हाईक यायचं, गोधडी उलटीपालटी करायचं आणि म्हणायचं, “पलीकडे पंधराशेला देतायत.” मग आपल्या ताईंनीही पंधराशे केले. चौथ्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी जेवताना ठेच्याची देवाणघेवाण झाली आणि विषय निघाला. मराठवाड्यातल्या मावशी म्हणाल्या, “अगं, आम्हाला तर सांगत होते की तुम्ही पंधराशेला देताय!” खरं तर सुरुवातीला कुणीच तो भाव सांगितला नव्हता. ऐकीव भावावर तिघींनीही आपापला भाव पाडला होता.

पंधराशेत हातात काय राहतं?

त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पाच बाय साडेसात फुटांची, हाताने धावदोरा घातलेली एक गोधडी:

- कापड, आतला थर, दोरा, धुणं-इस्त्री, पिशवी: 700 रुपये
- प्रवास आणि सामान वाहून नेण्याचा वाटा: 100 रुपये
- शिवायला लागलेला वेळ: 60 तास

पंधराशेतून 800 गेले, राहिले 700. ते 60 तासांवर वाटले तर तासाला 12 रुपयेही पडत नाहीत! तासाला फक्त 40 रुपये मजुरी धरली, तरी मजुरीचे 2,400 आणि खर्चाचे 800 मिळून गोधडीची किंमत 3,200 होते. आपण दुपारी घरकाम उरकून शिवतो, म्हणून तो वेळ फुकटचा वाटतो. पण डोळे आणि पाठ त्याच कामात झिजतात ना?

तुमचे आकडे वेगळे असतील. पुढची गोधडी घालायला घ्याल तेव्हा रोज किती तास बसलात ते कॅलेंडरवर लिहा. सगळी शिवून झाली की बेरीज करा.

दुसऱ्या वर्षीची भेट

यंदा मैदानात शिरल्यावर आपल्या ताईंनी सामान उतरवायच्या आधी त्या दोघींचे स्टॉल शोधले. मावशींनी पाहताक्षणी मिठी मारली. सुनेचं बाळंतपण, मोतीबिंदूचं ऑपरेशन, पाऊसपाणी, सगळं विचारून झालं. मग तिघींनी बसून ठरवलं की सुटलेला खर्च आणि मजुरी याच्या खाली कुणीही जायचं नाही, आणि गिऱ्हाईकाने दुसरीचा भाव सांगितला तर तिथे जाऊन विचारून यायचं. शेवटच्या दिवशी “परत न्यायचं जड होईल” म्हणून भाव पाडायचाही नाही. यंदा आपल्या चार गोधड्या परत आल्या हे खरं आहे. पण विकल्या गेलेल्या एकाही गोधडीत मजुरी बुडाली नाही.

एका गिऱ्हाईकाला बाळाची 40 दुपटी दोन महिन्यांत हवी होती. एकट्या गटाला ते झेपलं नसतं. तिघींनी ऑर्डर वाटून घेतली, माप आणि टाका एकच ठरवला. ओळख नसती तर ती ऑर्डर हातची गेली असती.

गेल्यावर काय पाहायचं, काय विचारायचं

- टाका: कुणी काठापासून फिरत मध्याकडे येतं, कुणी सरळ रेघा घालतं. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कौदी, सगळीकडे मूळ तेच: कापडाचे थर आणि धावदोरा. दिसली तर हात लावून बघा.
- रंग: कापडाचा रंग जातो का, हे शिवण्याआधी कसं तपासतात ते विचारा. साधा उपाय म्हणजे ओलं पांढरं फडकं घासून बघणं.
- कापड: जुन्या साडीची गोधडी असेल तर तसं स्पष्ट सांगा. मऊपणासाठी मुद्दाम जुनं कापड मागणारी माणसंही असतात.
- चिठ्ठी: माप, कापड, शिवायला लागलेले तास आणि गटाचं नाव प्रत्येक गोधडीला लावा. “महाग आहे” म्हणणारा माणूस 60 तास वाचून थांबतो, हे मी स्वतः पाहिलंय.
- फोन नंबर: निघण्यापूर्वी घ्याच, आणि सणावाराला फोन करा. काम असेल तेव्हाच केलेला फोन कुणालाही कळतो.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीत गोधडी करणाऱ्या सगळ्या ताईंनी आपापल्या तासांचा हिशेब आणावा. आपला खालचा भाव आपण एकत्र ठरवू आणि ठराव म्हणून इतिवृत्तात लिहू. कारण भाव पाडायला मुंबईच लागते असं नाही. आपल्याच गावात दोन गल्ल्यांमध्येही तेच चालू आहे.